अकरा पानं बाकी

शिक्षक समृद्ध झाल्याशिवाय विद्यार्थी समृद्ध होणार नाही, हे वरच्या कार्यालयाच्या लक्षात आलं आणि त्यांनी तातडीने एक तक्ता काढला. दर सत्राच्या अखेरीस प्रत्येक शिक्षकाने त्यात स्वतःची माहिती अद्ययावत करून पाठवायची. चौकटी चारच होत्या: अध्ययन, वाचन, संस्कृती, प्रवास. तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'माहिती खरी असावी.' ती ओळ साऱ्या शाळेत एकट्या चौथीच्या बाईंनी वाचली, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

तिसरीच्या सरांनी तक्ता चहा निवायच्या आत भरला. त्यांचा मजकूर ठरलेला असे: एक डोंगर, एक पुरातन वास्तू आणि एक अंतर्मुख करणारा ग्रंथ. दर सत्राला ते फक्त डोंगर बदलत.

"सर, तुम्ही खरंच गेला होतात का तिकडे?" बाईंनी विचारलं.

"तक्ता गेला ना, बाई. मग आपण कशाला जायचं?"

बाईंना ते काही जमेना. त्यांनी अध्ययनात लिहिलं, 'मुलांकडून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकले.' वाचनात लिहिलं, 'एक पुस्तक, वर्गासोबत. अकरा पानं बाकी.' संस्कृती, निरंक. प्रवास, निरंक. सरकारी कागदाला निरंक हा शब्द शोभून दिसतो, अशी बाईंची भाबडी समजूत होती.

आता ते पुस्तक. बाईंना ते रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. एक म्हातारा नावाडी आणि त्याचं एका पायाने लंगडणारं बदक, एवढीच गोष्ट. पण वर्ग असा काही गुंतला होता की रोज शेवटच्या तासाला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. नावाडी औषध आणायला पुरातून पलीकडे गेला होता. बदक धक्क्यावर बसून होतं. वर्गाचा आणि बाईंचा एक करार होता: पुढचं पान कुणीही आधी बघायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. त्यामुळे नावाडी परत येतो की नाही, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा चौथीपर्यंतच. सत्र संपलं की ही चौतीस मुलं चौतीस दिशांना जाणार. पण तीन आठवडे हातात होते आणि अकरा पानं म्हणजे फार तर दोन तासांचं काम. बाई निर्धास्त होत्या.

चौथ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. 'आपल्या समृद्धीत दोन चौकटी निरंक आढळल्या आहेत. समक्ष हजर राहून खुलासा करावा.'

कार्यालय सदतीस किलोमीटरवर. तिथल्या कारकुनाचा चष्मा कायम कपाळावर असायचा आणि कागद तो नाकाला लावून वाचायचा.

"निरंक चालत नाही, बाई. यंत्र घेतच नाही."

"पण मी कुठे गेलेच नाही, तर काय लिहू?"

"इथे कशा आलात?"

"बसने."

"म्हणजे जाऊन-येऊन चौऱ्याहत्तर किलोमीटर." कारकुनाने चौकटीत आकडा टाकला. "झाला की प्रवास. उगाच कमीपणा घेता तुम्ही."

बाईंना हायसं वाटलं. पण मजकुरात बदल झाला होता, त्यामुळे मुख्याध्यापकांची नव्याने सही लागत होती, आणि ती घेऊन समक्षच यायचं होतं. त्या आल्या. प्रवास एकशे अठ्ठेचाळीस झाला. आता प्रवासाच्या मानाने अध्ययन फारच तोकडं दिसायला लागलं. शिट्टी अभ्यासक्रमात बसत नव्हती. तेव्हा बाईंना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावण्यात आलं. विषय होता, 'समृद्धी तक्ता कसा भरावा.' तिथे तिसरीचे सर मार्गदर्शक म्हणून व्यासपीठावर बसले होते.

संस्कृतीचं त्या मानाने लवकर उरकलं. साहेबांची बढती झाली, त्या समारंभात स्वागतगीत म्हणायला चार बायका हव्या होत्या आणि तीनच जमल्या होत्या.

बाईंचा नवरा बस चालवायचा, तीही त्याच रस्त्यावर. पाचव्या खेपेला बायको पुन्हा पायरीवर दिसली तेव्हा तो म्हणाला, "अगं, सव्वीस वर्षं मी हाच रस्ता घासतोय. मला कुणी समृद्ध म्हटलं नाही ते."

"तुम्ही गप्प बसा आणि गाडी चालवा," बाई म्हणाल्या. खिडकीपाशी बसून त्या रडल्या, आणि ते त्याला आरशात दिसलं.

खेप नसेल त्या दिवशीही मुख्याध्यापक बाईंना शेवटच्या तासाला खुलासे लिहायला बसवायचे. इकडे त्या तासाला वर्गावर तिसरीचे सर जायचे आणि मुलांना हाताची घडी घालून बसवायचे. पुस्तक टेबलाच्या खणात होतं. खणाला कुलूप नव्हतं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी रोज खण उघडून पुस्तक आहे ना एवढं बघायची आणि परत लावून टाकायची. एकाही मुलाने पान उलटलं नाही. बाईंना हे सरांकडूनच कळलं. "पोरं बावळट आहेत हो तुमची," असं म्हणत त्यांनी ते सांगितलं. बाईंना त्या दिवशी रागापेक्षा लाज जास्त वाटली. चौतीस मुलांनी शब्द पाळला होता आणि आपण कार्यालयाच्या बाकावर बसून नंबर यायची वाट बघत होतो.

सहाव्या खेपेला वाचनाची चौकट निघाली.

"अपूर्ण वाचन धरता येत नाही," कारकून म्हणाला.

"मला वर्गात जाऊ द्या, दोन दिवसांत पूर्ण होईल."

"जा की, आम्ही कुठे धरून ठेवलंय? फक्त पूर्ण करणार असल्याचं हमीपत्र परवा आणून द्या."

"परवा आले तर वाचू कधी?"

कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. तो काही वाईट माणूस नव्हता. "बाई, तोवर आम्ही पाठवलेली परिपत्रकं वाचलीत ना? दोनशे चौदा पानं भरतात. तीच टाकतो. पुस्तकापेक्षा जास्त झाली बघा."

सातव्या खेपेला हमीपत्र दिलं. प्रवास पाचशे अठरा झाला. चारही चौकटी भरून वाहत होत्या. यंत्राने सगळ्या शिक्षकांची बेरीज केली तेव्हा विभागात चौथीच्या बाई पहिल्या आल्या. तिसरीच्या सरांना उत्तेजनार्थ मिळालं. तेव्हापासून ते बाईंशी जरा जपून बोलायला लागले.

बाईंना पुरस्काराचं काही नव्हतं. सत्राचा शेवटचा दिवस उजाडला होता आणि शेवटचा तास त्यांचा होता. त्या वर्गात शिरल्या तेव्हा मुलं आधीच हाताची घडी घालून बसली होती. बाईंनी ती सोडायला लावली, खण उघडला, पान काढलं. "अकरा पानं आहेत. भरभर वाचू, पण एकही ओळ गाळायची नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं.

दारात मुख्याध्यापक होते, मागे छायाचित्रकार, त्याच्या मागे कारकून.

"वा, वाचनच चाललंय! अगदी योग्य वेळी आलो," मुख्याध्यापक म्हणाले. "पुरस्कारासाठी वाचन करतानाचा एक फोटो. दोन मिनिटं."

"सर, तास संपल्यावर घ्या ना."

"तास संपल्यावर मुलं कुठून आणायची?"

छायाचित्रकाराला पुस्तकाचं नाव दिसेना. "बाई, पुस्तक मिटा आणि समोर धरा. वाचताय असा चेहरा ठेवा." बाईंनी पुस्तक मिटलं, पण पानात बोट घालून ठेवलं. मग उजेड कमी पडला. मग मुलांना उंचीप्रमाणे बसवलं. मग कुणीतरी हसलं, मग कुणीच हसेना. मुलांनी आनंदी दिसावं म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना दोनदा दम भरला. बाईंचं बोट पानातच होतं.

घंटा झाली. फाटकाशी पालक गाड्या घेऊन उभे होतेच. चष्मेवाली मुलगी टेबलापाशी आली. "बाई, एवढंच सांगा. तो आला का?"

बाईंनी तोंड उघडलं. आणि त्यांना आठवलं की आपल्यालाही माहीत नाही.

"बाई, डोळे मिटले होते," छायाचित्रकार म्हणाला. "पुन्हा एकदा."

त्यांनी वर पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहिलं तोवर मुलीला कुणीतरी हाताला धरून नेलं होतं. कारकुनाने अलगद त्यांच्या बोटातून पुस्तक सोडवलं. "वाचनाचा पुरावा म्हणून मूळ प्रत जमा करावी लागते. पोच देतो ना."

पुढे बाईंनी पुस्तक परत मिळावं म्हणून अर्ज केला. दुसरी प्रत त्यांना कुठेच मिळेना. अर्जाचं उत्तर आठ दिवसांत आलं. कार्यालय अशा बाबतीत तत्पर आहे. 'सदर पुस्तक आपण पूर्ण करणार असल्याचे हमीपत्र या कार्यालयात उपलब्ध असल्याने ते वाचलेले धरण्यात आले आहे. वाचलेले पुस्तक पुन्हा वाचण्याचे प्रयोजन काय, याचा समक्ष हजर राहून खुलासा करावा.'

तो फोटो तुम्ही पाहिला आहे. सगळीकडे फिरत होता तेव्हा तुमच्याकडेही आला असणार. त्यात बाईंच्या हातात मिटलेलं पुस्तक आहे, आणि नीट पाहिलं तर पानांत अडकवलेलं बोट दिसतं. मुलं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, त्या बोटाकडे बघताहेत. खाली चार हजार लोकांनी अंगठे दिले. 'असे शिक्षक घरोघरी पोचले पाहिजेत', 'डोळे पाणावले', 'वाचन संस्कृती जिवंत आहे' असं काहीबाही लिहिलं. त्यातलं एक तुमचं आहे. बोट कोणत्या पानावर आहे, हे मात्र चार हजारांत कुणीच विचारलं नाही.