पाटीच्या दोन बाजू

‘कलर’ हा एक शब्द आपला एवढा जीव खाईल, हे होयबाच्या स्वप्नातही नव्हतं. (होयबा हे त्याचं घरातलं नाव. ‘नाही’ म्हणायला लागणारं हाड देवाने त्याला बसवलंच नाही.) नोकरी संपली, रंगाचं दुकान काढलं, रविवारी उद्घाटन; आता फक्त इंग्रजीत पाटी रंगवायची होती.

‘‘कलरमध्ये यू हवाच,’’ आक्का म्हणाली. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं.

‘‘दाजी, यू आता कोण घालतं? जुनाट दिसेल,’’ मेव्हणा म्हणाला. गाळा त्यानेच मिळवून दिलेला.

‘‘दोन्ही बरोबरच,’’ पेंटर म्हणाला, ‘‘पण एक काय ते बोला.’’

एक बोललं की दुसरं माणूस रुसणार, उद्घाटनाला येणार नाही. आणि या दोघांवाचून होयबाला साधं कुलूप उघडायचाही धीर नव्हता.

मग त्याने डोकं चालवलं. पाटी रस्त्यावर आडवी टांगायची होती. आक्का रस्त्याच्या वरच्या टोकाला राहते, मेव्हणा खालच्या. वरून दिसेल त्या बाजूला यू घालायचा, खालून दिसेल त्या बाजूला नाही! ज्याने त्याने आपल्या वाटेने यावं, आपल्याच वाटेने जावं.

‘‘धन्य आहे,’’ बायको म्हणाली आणि आडवी झाली.

रविवारी आक्का आली ती खालून, मेव्हण्याबरोबर.

‘‘तू इकडून कशी?’’

‘‘याच्या घरी गेले होते. म्हटलं, एका अक्षरापायी तुझा दिवस कशाला नासवायचा? राहू दे याचंच.’’ तिने पाटी पाहिली आणि आत आली. सगळं गोडीत पार पडलं. मेव्हणा एवढा विरघळला, की म्हणाला, ‘‘आक्का, चला, घरापर्यंत सोडतो.’’

होयबा खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच दोघं वरच्या बाजूने परत.

‘‘बाळ्या, बाहेर ये!’’

‘‘दाजी, मी काय खाल्लं असतं तुम्हाला?’’

इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालं, ते होयबाला स्टुलावर चढवण्यावर. दुकानातला तपकिरी रंगाचा पहिला डबा पाटीच्या दोन्ही बाजूंवर गेला.

‘‘आता तुझ्या मनाचं लिही,’’ आक्का म्हणाली.

होयबाने बायकोकडे पाहिलं.

‘‘माझ्याकडे बघू नका,’’ ती म्हणाली.

पाटी अजून कोरीच आहे. येणारे-जाणारे थांबून विचारतात, ‘‘काका, गाळा भाड्याने द्यायचाय का?’’

आणि दमलेला होयबा, सवयीने, ‘हो’ म्हणून बसतो.