मडावीकाकांची चारोळी

नागपुरात सदरमधल्या एका लग्नात मडावीकाकांनी बासुंदीतली चारोळी एकेक वेचून ताटाच्या कडेला काढली, तेव्हा वाढपी घाबरून आचाऱ्यालाच घेऊन आला. त्याला वाटलं, खडे निघाले. काका म्हणाले, "बासुंदी झकास आहे. देवाले नवं फळ दिलं नाही अजून, म्हणून मी खाऊन नाही राहिलो."

काका आमचे शेजारी, निवृत्त बसड्रायव्हर. गोंड आदिवासी, देवलापारकडच्या जंगलातले. त्यांच्या गावची रीत अशी की, डोंगरावरची चारोळी पिकून गावदेवाला वाहिल्याशिवाय कोणी झाडाला हात लावायचा नाही. तोवर पाखरं खातात, बिया पडतात, रोपं उगवतात. रीत उत्तमच, पण ती नागपुरातल्या किराणा दुकानाला लावायची म्हणजे हद्द झाली. ही मागच्या सालची चारोळी आहे, असं मी एकदा समजावून पाहिलं.

"असंल," काका म्हणाले, "पण तोंडाले चटक लागली का हात थांबत नाही गा."

यंदा मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. बाहेरचे लोक व्यापाऱ्यांसाठी हिरवीच फळं फांद्यांसकट ओरबाडू लागले होते. आपण थांबलो तर आपल्याला काय उरणार, असं गावातली पोरंही म्हणू लागली. निकाल ग्रामसभेत लागणार होता, आणि काका गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पलंगावर. सभेच्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मी दिलेला चहा गार झाला, पण त्यांच्या हातातला फोन काही सुटला नाही.

शेवटी भावाच्या नातीचा, सारिकाचा फोन आला; काकांनी तो स्पीकरवर लावला. रीत मोडायची नाही असं ठरलं होतं. पोरंच पाळीपाळीने डोंगरावर राखणीला बसणार होती, आणि बियांसाठी कोणती झाडं सोडायची ते म्हातारे दाखवणार होते. माझा जीव भांड्यात पडला. काका नुसतेच हं हं करत होते.

"अजून एक, आबाजी," सारिका म्हणाली. "पहिलं फळ तुमीच तोडा म्हणून राहिले सारे. पिकलं का गाडी पाठवतो. तुमी येईपर्यंत कोणी हात लावत नाही."

काकांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "मले वाटे, मी इथं एकटाच पाळून राहिलो. तिकडं माही कोणाले याद बी नसंल."

आणि ते रडले, अगदी मोकळेपणाने. मलाही बरं वाटलं.

मग डोळे पुसून त्यांनी काठी मागितली. चाला, चाला म्हणून डॉक्टर आणि आम्ही सांगून थकलो होतो; आता स्वतःच खोलीत फेऱ्या घालू लागले. जरा दमानं, म्हटलं.

"चढ आहे गा तिकडं," काका म्हणाले.