घोषालबाबूंचे सातवे कलम

अड्ड्यावरील समस्त दोस्तमंडळ यांसी विदित व्हावे. आपण पुसिले की वृंदाताईच्या लग्नाच्या फोटोंत यच्चयावत माणसे काळे चष्मे घालून का बसली आहेत. तर चहा थंड होऊ द्या आणि मजकूर ऐका, कारण आम्ही स्वतः रणात होतो, आणि पुरावा म्हणून पापण्या अजून चिकटतात.

शके अठराशे त्र्याण्णव, ज्येष्ठ मास, इंग्रजी साल एकाहत्तर. ज्या कलकत्त्याने एके काळी मराठ्यांच्या भयाने बागबाजारापासून खंदक खणिला, त्याच कलकत्त्यात आमचे काका, राजश्री श्यामकांतपंत, कन्येच्या लग्नासाठी भवानीपुरी घोषालबाबूंचे दुमजली घर एका दिवसाच्या बोलीने भाड्याने घेते जाहले. आणि त्याच समयी शहरावर डोळ्यांच्या साथीची स्वारी आली. सीमेपलीकडील युद्धाच्या घोषणेवरून लोक तिला जय बांगला म्हणत. सकाळी उठावे तो डोळे लाल, पापण्या खळ लावल्यागत बंद, आणि पाणी ऐसे वाहे की ट्रामचा कंडक्टर तिकीट फाडतो की हंबरडा फोडतो हे कळू नये.

मग घोषालबाबूंनी बंगालीतल्या करारनाम्यात नवे सातवे कलम घातले की, संसर्गाचा रोगी कोणीही वास्तूत आढळल्यास करार तेच क्षणी रद्द आणि वऱ्हाड रस्त्यावर. काकांनी त्याखाली डौलाने सही ठोकिली. कारण ऐसे की काका जन्माने कलकत्तेकर, भाजीबाजारात बंगाली बोलून भल्याभल्यांस नामोहरम करितील, परंतु वाचावयास ट्रामची पाटीही येत नाही, आणि ते कबूल करणे शानेस कमीपणा.

मुहूर्ताचे दिवशी सकाळी डमडमहून जासूद आला, म्हणजे फोन आला, की नवरदेव गुरुदत्तराव यांचे डोळे लालभडक. आणि इतक्यात आतल्या खोलीतून वृंदाताई पदराने डोळे टिपीत बाहेर आली, तो तिचेही लाल. कालिंदीआत्याने तिजकडे निरखून पाहिले.

"काल तू लायब्ररीचं पुस्तक परत करायला गेली होतीस ना गं?"

"हो."

"गुरुदत्तरावही त्याच लायब्ररीत जातात वाटतं."

आणि ढाकुरियाच्या तळ्याकाठची गुप्त भेट सर्व दरबारास उघड जाहली.

हसू नका, प्रसंग बाका होता. गुरुदत्तराव बँकेत अधिकारी, त्यांची बदली दिब्रुगडास, गाडी दुसरेच दिवशी हावड्याहून. पुढे चातुर्मास. म्हणजे आज अक्षता न पडल्या तर पाच महिने नवरा आसामात आणि नवरी कलकत्त्यात. ताई काकांस म्हणाली, "बाबा, गच्चीवर लावा, फुटपाथवर लावा, पण आज लावा." एवढे बोलून ती रडली की साथीने पाणी आले, हे कोणास समजले नाही.

मग मसलत बैसली. ताईचे मामा विनायकराव, वकिलाच्या कचेरीत मुरलेले, त्यांनी करारनामा हाती घेतला आणि सातव्या कलमाशी थबकले.

"दाजी, हे वाचलं होतंत तुम्ही?"

"वाचणं तुमचं काम, विनायकराव. सही माझी."

मामांनी करारनामा मिटला आणि आत्याकडे अंतरपाट मागितला. आत्या म्हणाली आत्ता कशाला, मुहूर्ताला दोन तास आहेत. मामा म्हणाले, आत्ताच.

बियेबाडीच्या, म्हणजे लग्नघराच्या, दारी घोषालबाबू काळा चष्मा लावून, करारनाम्याची सुरळी करून उभे, आणि येईल त्यास फर्मावीत, "चश्मा नामान, चोख देखी," म्हणजे चष्मा उतरवा, डोळे दाखवा. ताईस त्यांनी सोडिले, कारण नवरी रडणारच. मग टॅक्सी आली आणि अंतरपाटाचे एक टोक आत्याने धरिले आणि दुसरे आम्ही, आणि मागे नवरदेव, आणि काकांनी बंगालीत जाहीर केले की, आमच्या शास्त्रात मुहूर्तापूर्वी नवऱ्याचे डोळे कोणी पाहणे निषिद्ध. हे शास्त्र काकांनी टॅक्सीचे दार उघडेपर्यंत रचिले होते. परंतु घोषालबाबू नरमले. त्यांचेकडे नवरी विड्याच्या पानांनी मुख झाकून येते, शुभदृष्टीपर्यंत, म्हणजे वधूवरांच्या पहिल्या नजरभेटीपर्यंत, कोणाकडे पाहत नाही. त्यांनी हुकूम दिला की जावे, मात्र पडदा सरेल तेव्हा आपण शेजारी उभे राहू. गुरुदत्तराव आत शिरताना पायरी चुकून सनईवाल्याच्या मांडीवर बसले, तरी अंतरपाट ढळला नाही.

मग मंगलाष्टके सुरू जाहली आणि संपेनात. आत्याने स्वतः रचिलेली तीन म्हटली आणि मग मामींनी दोन, आणि भटजी घड्याळ दाखवू लागले, आणि अखेर अंतरपाट सरला. चार लाल डोळे भेटले. दोघे हसली.

घोषालबाबूंनी सुरळी उलगडिली. कलम मोठ्याने वाचावयाचे, परंतु काळ्या चष्म्यातून अक्षर दिसेना. म्हणून तो उतरवून वाचावयाचा चष्मा लावू गेले, तो त्यांचे डोळे नवरदेवाहून लाल.

सनई थांबली.

मामांनी हळूच पुसिले, "बाबू, कलमात वऱ्हाडातला कोणीही लिहिलंय, की नुसतं कोणीही?"

"नुसतं कोणीही."

"आणि आज वास्तूत लाल डोळ्यांचं पहिलं पाऊल कोणाचं?"

घोषालबाबू पाटावर बसले. म्हणाले, घरात सात माणसे, साती आजारी. बाहेर कळले तर पुढची सारी लग्ने मोडतील आणि लोक कोर्टात खेचतील, म्हणून तर कलम घातले, म्हणून तर चष्मा. आत्याने त्यांस पन्हे दिले.

मग तह जाहला. त्याच स्टॅम्पपेपराचे पाठीवर मामांनी लिहिले की, आज या वास्तूत कोणीही कोणाचे डोळे पाहिले नाहीत. घोषालबाबूंनी सही केली. काकांनी पेन उचलिले, थांबले, आणि कागद मामांपुढे सरकविला.

"आधी वाचून दाखवा," म्हणाले. "सावकाश."

पुरावा कॅमेऱ्यात राहू नये म्हणून घोषालबाबूंनी कोपऱ्यावरील दुकानातून चष्मे आणविले आणि फोटो निघाले. दुसरे दिवशी हावड्यास ताई आणि गुरुदत्तराव हातात हात घालून डब्यात चढली. लाजेचे कारण नव्हते, दोघांसही पाटी दिसत नव्हती. येणेप्रमाणे भवानीपुरी फत्ते जाहली, कागद काकांच्या कपाटी आहे, आणि त्याजवरील शाई जिथे फुटली आहे, तिथे कोणाचे डोळे गळले हे तहानुसार कोणीही पाहिलेले नाही.