चौदा वेळा 'गोळी घेतली'

रोज सकाळी नऊला फोन करण्याचा बायकोचा त्रास वाचवावा, असं माझ्या मनात आलं. (माझ्या मनात सहसा काही येत नाही. आलंच, तर घरात काहीतरी मोडतं.)

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, त्याला दोन महिने झाले होते. नऊच्या ठोक्याला ती विचारायची, "अहो, प्रेशरची गोळी घेतलीत का?" मागे नात रडत असायची. मग साखरेचा डबा, गॅसचा नॉब, माझे बनियन अशी चौकशी होत दहा मिनिटं जायची. तिची ओढाताण मला बघवेना. शिवाय निवृत्तीनंतर मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला होता आणि दोन लुकलुकणारे दिवे व एक जळका टेबलक्लॉथ यापुढे माझी मजल गेली नव्हती.

मी गोळ्यांच्या डबीला बटण बसवलं आणि काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक चिमुकला कॉम्प्युटर, जोडला. झाकण उघडलं की बायकोच्या मोबाइलवर मेसेज जायचा : 'गोळी घेतली.'

पहिल्याच दिवशी मेसेज पोचला. बायकोचा फोन आला, "हुशार आहात हो! आता रोज फोन करायला नको!"

मी दिवसभर शीळ घालत होतो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, तेव्हा आपण काय करून बसलो ते कळलं.

आठ दिवस फोन नाही. घर इतकं गप्प झालं, की फ्रिज घरघरला तरी बरं वाटायचं. एकदा जेवताना मी डबीलाच विचारलं, "तुझं झालं का?" खरं सांगतो, फार एकटं वाटत होतं. पण लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर बायकोला नुसतं 'बोलावंसं वाटलं' म्हणून फोन करायचा? काही कारण नको?

नवव्या दिवशी मी डबी उघडलीच नाही. मोबाइल समोर ठेवून बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. बायकोचा मेसेज होता : 'गोळी.' बस्स. प्रश्नचिन्हसुद्धा नाही!

मी रागारागाने झाकण उघडलं, एक गोळी गिळली. आता, बटणाला झटका बसला की ते क्षणभर थरथरतं. प्रोग्रॅमने तेवढं थांबायचं असतं, नाहीतर झाकण एकदा उघडलं तरी अनेकदा मोजलं जातं. पुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं. (रटाळ दिसलं म्हणून मी गाळलं होतं. आठ दिवस झाकण हळू उघडत होतो म्हणून निभावलं.)

फोन वाजला.

"अहो, चौदा गोळ्या घेतल्यात?"

"एकच घेतली."

"चौदा मेसेज आलेत!"

"ते जरा थरथरतंय, म्हणून—"

"अगं बाई! हलू नका तिथून!"

तेवढ्यात दार धडाधड वाजलं. खालच्या मजल्यावरची नर्स प्रेशरचं मशीन घेऊन आत घुसली. लेकीने तिला कळवलं होतं. तिने माझ्या दंडाला पट्टा आवळला, गोळ्या मोजल्या आणि ती म्हणाली, "काका, सगळं नॉर्मल आहे."

मग बायको मला पस्तीस मिनिटं फोनवर झापत होती. मधेच रडलीसुद्धा. इतकी छान सकाळ दोन महिन्यांत गेली नव्हती. शेवटी म्हणाली, "ती डबी आधी फेका. उद्यापासून नऊ वाजता बघतेच मी!"

गोळ्या काढून घेऊन मी डबी आनंदाने फेकली. दुसऱ्या दिवशी पावणेनऊलाच दाढी करून, भांग पाडून मोबाइलपुढे बसलो. बरोबर नऊला बेल वाजली. दाराची.

नर्स उभी होती.

"काकूंनी सांगितलंय, रोज ड्यूटीवर जाताना तुम्हाला माझ्या हाताने गोळी द्यायची. आ करा, काका."

मी आ केला. तिने घड्याळ बघत मोबाइलवर टाइप केलं : 'गोळी घेतली.'

मेसेज एकदाच गेला.