अपमान झाल्यास अर्धं मिनिट

आमच्या ओहायोतल्या टिल्सबरो काउंटीत आयुक्तपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा शाळेच्या व्यायामशाळेत ठरली. विषय एकच, ओढ्यावरचा बंद पडलेला पूल. व्हर्ना स्टकीबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. त्यांचा नवरा अर्ल डायलिसिसवर, इस्पितळ ओढ्यापलीकडे. पूल नाही म्हणून अख्ख्या टेकडीला वळसा. मागच्या खेपेला तो गाडीतच बेशुद्ध पडला होता.

चर्चेचा नियम साधा होता. ज्याचा व्यक्तिगत अपमान होईल, त्याला खुलाशासाठी अर्धं मिनिट. लोकशाहीत कुणावर अन्याय व्हायला नको.

पहिला प्रश्न पुलाचाच निघाला. विद्यमान आयुक्त हेवरकॅम्प म्हणाले, पुलाचं बघूच, पण आधी समोरच्या उमेदवार प्रुइटबाईंचं तोंड बघा, आंबलेली काकडी. लोक खूश झाले. प्रुइटबाईंना रीतसर अर्धं मिनिट मिळालं, त्यात त्यांनी हेवरकॅम्पना फुगलेला बेडूक ठरवलं. आता बेडकाला वेळ देणं आलंच. त्याने काकडीच्या केसांच्या टोपाचा उल्लेख केला. मग काकडीने आपल्या अर्ध्या मिनिटात बेडकाच्या तिसऱ्या बायकोबद्दल असं काही सांगितलं की पाद्रीबुवासुद्धा खुर्चीवरून घसरले. सूत्रसंचालक पीबॉडी, निवृत्त न्यायाधीश, अत्यंत निःपक्षपातीपणे घंटा वाजवत होते. मध्यंतरात बाहेर बेडकाच्या टोप्या विकायला आल्या. मीही एक घेतली, हिरवी छान होती.

शेवटी स्टकीबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या अर्लला परवा परत न्यायचंय. पूल कधी होणार, तेवढं सांगा."

"बाई, तुमचा कुणी अपमान केलाय का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्हाला वेळ कुठल्या नियमाखाली देऊ?"

बाई काकुळतीला आल्या. मंचाकडे वळून म्हणाल्या, "अहो, मग मला काहीतरी बोला ना. भोपळा म्हणा, म्हैस म्हणा, वाट्टेल ते म्हणा."

त्या संध्याकाळी दोन्ही उमेदवारांचं पहिल्यांदाच एकमत झालं. सामान्य मतदाराचा आम्ही मनापासून आदर करतो, असं दोघंही गंभीरपणे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

बेडूक निवडून आला. शपथविधीला काकडीने त्याला मिठी मारली, आणि दोघांनी एकाच ताटलीतला केक खाल्ला. अर्लच्या दफनालाही दोघांनी न चुकता फुलं पाठवली. फुलांचं दुकान पलीकडे असल्यामुळे ती टेकडीला वळसा घालून आली, आणि येईपर्यंत आम्ही माती लोटून घरी गेलो होतो. स्टकीबाई तेवढ्या तिथे उभ्या होत्या, त्यांनी सही करून फुलं ताब्यात घेतली.

ही हकिकत मी ज्याला ज्याला सांगितली, त्याने च्‌च्‌ केलं, मान हलवली, आणि जरा थांबून विचारलं की काकडी त्या तिसऱ्या बायकोबद्दल नेमकं काय म्हणाली होती?

तुम्हालाही तेच विचारायचंय ना? लाजू नका. या, बसा जवळ, सांगतो.