तीन नंबरची अनुभूती

नाक हे मनुष्याचं एकमेव इंद्रिय आहे, ज्याच्या साक्षीला पुरावा लागत नाही. डोळ्यांनी चूक केली की चष्मा लागतो, कानांनी केली की शेजारचा ओरडून सांगतो. पण एखाद्याने मान जरा वर करून, डोळे मिटून ‘यात कुठेतरी ओल्या शंखाचा वास आहे’ असं म्हटलं, तर त्याला खोटं पाडण्याची सोय संस्कृतीने अजून केलेली नाही. (शंखाला वास असतो का, हा प्रश्न वेगळा. तो विचारणारा माणूस अडाणी समजला जातो.) याच भक्कम पायावर ग्वाल्हेरात ‘गूढगंध’ ही संस्था उभी आहे, आणि तिचा अनुभूती विभाग अंबरीश टेंबे एकहाती सांभाळतो.

संस्था किला गेटपाशी, प्रांजलीच्या घराच्या मागच्या गच्चीवर आहे. भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांत मुख्य पत्ते बावीस, म्हणून संस्थेची सुगंधी तेलंही बावीस. शून्य नंबर मूर्ख, तीन नंबर सम्राज्ञी, बारा नंबर उलटा टांगलेला माणूस, तेरा नंबर मृत्यू. (मृत्यूच्या बाटलीवर ‘घाबरू नये, याचा अर्थ फक्त बदल’ असं छापलेलं असतं. तरी ती सासऱ्यांना वाढदिवसाला देऊ नये, असं एका अनुभवानंतर ठरलं आहे.) प्रांजली रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, मग दोन वर्षं कनौजला राहून अत्तराचं काम शिकली. ती तेलं बनवते. अंबरीश त्यांच्या अनुभूती लिहितो.

अनुभूती म्हणजे अभिप्राय नव्हे. अभिप्राय वस्तू वापरल्यावर देतात. अनुभूती वस्तू वापरण्याआधीच येते, म्हणजे वापरताना काय वाटायचं याचा घोळ राहत नाही. तिचे टप्पे तीन: बाटलीत, मनगटावर ओलं असताना, आणि वाळल्यावर. नमुन्यादाखल तीन नंबरची, सम्राज्ञीची अनुभूती पाहा:

‘बाटलीत: फूलबागेत नुकतंच कापलेलं गवत. दुपारचे चार. माळी नळी तशीच चालू सोडून चहाला गेलेला. ओलं: तापलेल्या फरशीवर पसरत जाणारं पाणी, आणि जवळच कुणीतरी डाळिंब सोलतंय. वाळल्यावर: खोलीतून आत्ताच कुणी उठून गेलंय, आणि उशी अजून गरम आहे.’

(वाचकांनी इथे क्षणभर थांबावं. घाई नाही.)

बावीस अनुभूतींत मिळून ‘जुनं देऊळ’ नऊ वेळा येतं, ‘आजीची पेटी’ सात वेळा आणि ‘विसरलेलं काहीतरी’ अकरा वेळा. ‘चंदन’ एकदाही येत नाही, कारण चंदनाचा वास लोकांना माहीत असतो.

विभागप्रमुख म्हणून अंबरीशची अडचण एकच होती. त्याला वास येत नव्हता.

साथीच्या दुसऱ्या वर्षी शहरातल्याच हजीरा भागात त्याच्या चुलतबहिणीचं लग्न झालं. त्या पंगतीतले एकोणीस जण आठवड्याच्या आत आडवे झाले. (हा अधिकृत आकडा आहे.) यथावकाश सगळे उठले, अंबरीशचं नाक तेवढं उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ते अजून हळूहळूच चाललं आहे. मध्यंतरी घरात दूध करपून धूर झाला, तेव्हा त्याने अंदाजाने ‘आज खास काय केलंय’ असं विचारलं होतं. आईला ते इतकं लागलं, की त्यानंतर त्याने या विषयावर कुणालाच काही न सांगण्याचं धोरण स्वीकारलं.

त्या पंगतीत प्रांजली त्याच्या समोरच्या पाटावर होती. तेव्हापासून त्याच्या मनात जे होतं, त्याला बाटली, ओलं, वाळलं असे टप्पे नव्हते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ती येऊन “तू क्लासेसच्या जाहिराती लिहितोस ना, माझ्या तेलांवर पण लिही ना काहीतरी अच्छासा” असं म्हणाली, तेव्हा त्याने नाकाची हकीकत सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि “कधीपासून?” असं विचारलं.

पुढे दर शनिवारी नमुना-परीक्षण होऊ लागलं. प्रांजली बाटली उघडायची, डोळे मिटायची, खोल श्वास घ्यायची आणि म्हणायची, “हं.” बाटली अंबरीशकडे यायची. तोही डोळे मिटून म्हणायचा, “हं.” मग दोघं किल्ल्याच्या भिंतीकडे बघत सहा-सात मिनिटं गप्प बसायची. या शांततेत फार काही आहे, असं अंबरीशला वाटायचं. घरी जाऊन तो त्या नंबरचा पत्ता समोर ठेवायचा आणि चित्रात जे दिसेल त्याचा वास लिहायचा. सम्राज्ञीच्या झग्यावर डाळिंबं होती, म्हणून डाळिंब. तिच्या पाठीमागे उशी होती, म्हणून उशी.

प्रांजली ते दोनदा वाचायची. “तू लिहिलंस तसं तेल अजून पूर्ण आलं नाही आहे. मी थोडं ॲडजस्ट करते.” पुढच्या शनिवारी पुन्हा “हं”. एवढी शिकलेली मुलगी आपल्या शब्दांसाठी तेल बदलते, हा अंबरीशला कलावंताचा नम्रपणा वाटायचा आणि रात्रभर टोचायचा. तिचं सगळं आयुष्य वासावर चाललेलं, आणि आपण दोन वर्षं तिला फसवतो आहोत. तिला मागणी घालायची हे ठरलेलं होतं. नाकाचं मागणीच्या आधी सांगावं की नंतर, एवढाच मुद्दा विभागात प्रलंबित होता.

अशा वेळी चैत्र आला.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी महिला मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू फूलबागेजवळच्या हॉलमध्ये होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि हाताच्या पाठीवर अत्तर. हे अत्तर गेली साठ वर्षं एकाच जुन्या दुकानातून यायचं. यंदा अध्यक्षा शालिनीताईंनी तो मान प्रांजलीला दिला. शालिनीताईंना जे आवडतं ते लष्करात चांगलं समजलं जातं, आणि जे आवडत नाही त्याच्याविषयी नंतर कुणी बोलत नाही. म्हणजे ‘गूढगंध’ राहणार की जाणार, हे त्या संध्याकाळी ठरायचं होतं. अत्तर अर्थातच तीन नंबर. सम्राज्ञी ही पत्त्यांतली सवाष्ण आहे, असा निर्वाळा प्रांजलीने दिला होता.

साडेचारला अंबरीशचा फोन वाजला.

“अरे, मी हॉलवर अटकली आहे, शालिनीताई सोडतच नाहीत,” प्रांजली म्हणाली. “तू घरून तीन नंबर घेऊन ये ना. जाळीच्या कपाटात, मधल्या खणात.”

“लेबलं आली का?”

“लेबलं तर प्रेसमध्येच पडली आहेत यार. तू वासावरून ओळख ना. तुझ्यापेक्षा बेहतर कोण ओळखणार?”

“हो, त्यात काय,” अंबरीश म्हणाला.

मधल्या खणात एकसारख्या पाच बाटल्या होत्या. त्याने एकेक उघडून हुंगली आणि प्रत्येकीला “हं” म्हणाला. (बघायला कुणी नव्हतं. पण शिस्त म्हणून.) बाजूच्या खोलीत प्रांजलीच्या शामलाआत्या पडल्या होत्या. त्यांना उठवून बाटली नाकाशी धरली असती, तर प्रश्न पाच सेकंदांत सुटला असता. पण अनुभूती विभागाच्या प्रमुखाने कुणाला ‘हा कसला वास हो’ असं विचारणं म्हणजे लेखी राजीनामाच. तेव्हा त्याने विचारपूर्वक निर्णय घेतला. सम्राज्ञी आहे, म्हणजे सोनं असणार. पाचांतली एक बाटली छान सोनेरी होती. ती त्याने खिशात घातली.

ती शामलाआत्यांच्या गुडघ्यांच्या तेलाची होती. मोहरीच्या तेलात लसूण, ओवा आणि कापूर कढवून त्या ते घरीच करतात, आणि प्रांजलीची रिकामी बाटली दिसली की त्यात भरून ठेवतात. (यात त्यांचा दोष नाही. ग्वाल्हेरच्या कोणत्याही मराठी घरात जॅमच्या बाटलीत जॅम सापडल्याची नोंद नाही.)

हॉलच्या दारातच प्रांजलीने बाटली घेतली, उघडली आणि डोळे मिटले. अंबरीशचा जीव टांगणीला लागला.

“हं,” प्रांजली म्हणाली.

तो सुटकेने दाराशेजारच्या खुर्चीतच बसला.

शालिनीताईंनी माईकवरून तीन नंबरची अनुभूती वाचून दाखवली; उशीच्या जागी त्या थोड्या थांबल्या. मग सचिव कुमुदिनीवहिनींनी चांदीच्या अत्तरदाणीतून पहिलं बोट अध्यक्षांच्या हाताच्या पाठीवर फिरवलं. शालिनीताईंनी हात नाकाशी नेला. दोन सेकंद त्यांच्या चेहऱ्यावर अशा बाईचे भाव होते, जिला फार ओळखीचं काहीतरी नको त्या ठिकाणी भेटलं आहे. समोर चाळीस जणी बघत होत्या.

“गवत,” शालिनीताई म्हणाल्या. “अगदी गवत.”

त्यानंतर सभागृहाला पर्याय उरला नाही. अभिप्राय-वहीतल्या नोंदी अशा: एकूण उपस्थिती एक्केचाळीस. कापलेलं गवत, सव्वीस. डाळिंब, आठ. गरम उशी, पाच (पैकी दोघींनी उशी कुणाची तेही लिहिलं होतं, ते मंडळाने खोडलं). ‘फार खोल आहे’, एक. आणि मंदाताई, वय अठ्ठ्याहत्तर: ‘मूठ मिटली.’ मंदाताईंची उजवी मूठ दिवाळीपासून मिटत नव्हती. ती त्यांनी सर्वांसमोर एका हरभऱ्यावर मिटून दाखवली.

“सम्राज्ञीची शक्ती,” शालिनीताईंनी माईकवरून सांगितलं.

एवढ्यात हॉलचे चौकीदार दौलतसिंह पन्ह्याचं पिंप घेऊन आले आणि दारातच थबकले.

“ताईजी, किसी के घुटने में तकलीफ़ है क्या? गठिया वाला तेल महक रहा है. हम रोज़ लगाते हैं.”

माईक चालूच होता. “दौलतसिंहजी,” शालिनीताई शांतपणे म्हणाल्या, “आप लगाओ तो तेल है. यहाँ ये अनुभूति है.”

दौलतसिंहांनी विचार केला. “जी,” ते म्हणाले, “तो हम इतने साल ग़लत लगा रहे थे.” आणि पिंप ठेवून गेले.

अंबरीशने प्रांजलीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडून त्याच्याकडेच बघत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“अंबरीश,” शामलाआत्या म्हणाल्या, “मधल्या खणातली माझी बाटली तू नेलीस का रे? इथे गुडघे ठणकतायत माझे.”

“बघतो, आत्या.”

तो प्रांजलीला हॉलच्या मागे, पाण्याच्या कूलरपाशी घेऊन गेला. प्रलंबित मुद्दा आता आपोआपच निकालात निघाला होता.

“ते आत्यांच्या गुडघ्यांचं तेल आहे,” तो म्हणाला.

“मग तू आणलंस कसं? तुला वास नाही आला?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे येतच नाही. कसलाच नाही. ताईच्या लग्नापासून.”

प्रांजली उपड्या क्रेटवर बसली. आता ती उठेल, आत जाईल आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाही, असं त्याला वाटलं.

“कोणत्या लग्नापासून?” तिने विचारलं.

“हजीऱ्याच्या. तिथेच तर एकोणीस जण आजारी—”

“वीस,” प्रांजली म्हणाली.

कूलरमधून पाणी ठिबकत होतं. अंबरीशने बोटांवर एकोणीस मोजले; विसावी समोर क्रेटवर बसली होती.

“पण तू तर दर शनिवारी हं म्हणायचीस.”

“तू पण तर म्हणायचास.” ती जमिनीकडे बघत बोलली. “मला कनौजहून येऊन आठच दिवस झाले होते. बाबांनी पूर्ण लष्करला सांगून टाकलं होतं, मुलगी अत्तराचं शिकून आली. मी सोचलं, माझं नाक गेलं तर गेलं, तुझं तर आहे. तू लिहिशील तसं मोजून टाकायचं. गवत लिहिलंस, तर खस चाळीस थेंब. बस.”

“मी पत्त्यावरचं चित्र बघून लिहायचो.”

“म्हणजे आपल्या बावीस बाटल्यांत आहे काय?”

“ते आपल्याला कधीच कळणार नाही,” अंबरीश म्हणाला.

ती हसली, आधी थोडी, मग क्रेट हलेपर्यंत. मग एकदम थांबली.

“एक सांगू? तुझं ते तीन नंबर पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा मला गवताचा वास आला होता. एकदाच. एवढ्या वर्षांत तेवढाच. खरंच.”

मागणीसाठी अंबरीशने तीन टप्प्यांचं भाषण पाठ केलं होतं. त्यातलं त्याला काहीच आठवलं नाही.

“हं,” तो म्हणाला.

“हं,” प्रांजली म्हणाली.

मंडळाच्या इतिवृत्तात हाच साखरपुडा धरला आहे, कारण कुमुदिनीवहिनी पाणी प्यायला तिथेच आल्या होत्या.

त्या संध्याकाळी एक्केचाळीस जणींनी तीन नंबर मागितलं. मंदाताईंनी डाव्या मुठीसाठी वेगळं. तेव्हापासून सम्राज्ञी शामलाआत्यांच्या कढईत तयार होते. संस्थेत शाबूत नाक तेवढं एक त्यांचंच आहे, पण ते खरं बोलतं, म्हणून त्यांना नमुना-परीक्षणाला बसू देत नाहीत. दौलतसिंहही आता जुनं तेल सोडून तीन नंबरच लावतात, गुडघ्यालाच. जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणतात.

आता वाचकांविषयी. वर कंसात तुम्हाला क्षणभर थांबायला सांगितलं होतं. विभागाच्या पाहणीप्रमाणे तिथे दहांपैकी सहा जण नकळत श्वास ओढून घेतात आणि दोघं स्वतःच्या मनगटाकडे बघतात. ज्यांना गवताचा वास आला, त्यांनी कढई किती वाजता उतरते ते शामलाआत्यांना विचारून ठेवावं, म्हणजे तीन नंबर ताजं मिळेल. ज्यांना कसलाच वास आला नाही, आणि तरी इतरांना आला असेल असं धरून जे निमूट पुढे वाचत राहिले, त्यांची सोय मंडळाने केली आहे. हॉलमध्ये पहिल्याच रांगेत बेचाळिसावी खुर्ची मांडलेली आहे. या, बसा, हात पुढे करा.