पित्त बाहेर टाकण्यास मनाई

आमच्या यकृत संशोधन संस्थेत ऊर्जाबचत कक्ष सुरू झाला आणि त्याच्या प्रमुखपदी माझी नेमणूक झाली, तेव्हा यकृत पोटात उजवीकडे असतं की डावीकडे हे मला ठाऊक नव्हतं. पदासाठी ते ठाऊक असण्याची अट नव्हती. अट होती तळमळीची, आणि ती माझ्यात लहानपणापासून आहे. बंगळुरातल्या चामराजपेटच्या आमच्या घरात दोन खोल्यांत एकाच वेळी दिवा जळलेला मी कधी सहन केलेला नाही. माझी पत्नी वासंती या गुणाला वेगळा शब्द वापरते.

प्रत्येक संस्थेनं ऊर्जेचा वापर वीस टक्क्यांनी कमी करावा, असा वरून आदेश होता. मी लिफ्ट बंद केली, पंखे एकाआड एक केले, शास्त्रज्ञांचा चहा कोमट केला. तरी वीस टक्के भरेनात. मग मी प्रयोगशाळांत शिरलो.

तिसऱ्या मजल्यावर डॉ. अहल्या काचेच्या बशांमध्ये माणसाच्या यकृताच्या पेशी सांभाळत असत. त्याही आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या, त्यामुळे मला ‘सर’ न म्हणता ‘अण्णा’ म्हणायच्या. मी ते चालवून घेत असे.

"या पेशींना ऊर्जा कशाला लागते?" मी विचारलं.

"जगायला."

"मोघम नको. तपशील द्या."

त्यांनी तपशील दिला. पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो. तो फोडला की ऊर्जा सुटते. तो फोडणारी काही एन्झाइमं पेशीच्या आवरणातच बसलेली असतात आणि त्या ऊर्जेवर पंपासारखी चालतात. त्यातलं एक एन्झाइम पेशीतलं पित्त बाहेर ढकलतं. काही लोकांचा हा पंप अडकतो. मग त्यांना कावीळ होते, अंगभर खाज सुटते, पुढे यकृतच निकामी होतं. अडकलेला पंप पुन्हा चालू करणारं औषध अहल्याबाईंच्या हाती लागलं होतं आणि शेवटच्या चाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"बाहेर ढकललेलं पित्त जातं कुठे?"

"आतड्यात. तिथे तुपातेलाचं पचन होतं त्यामुळे."

"आणि नंतर?"

"नंतर बहुतेक सगळं रक्तातून पुन्हा यकृतात येतं."

मी चष्मा काढला. "पुन्हा येतं? आणि हा पंप तेच पित्त पुन्हा बाहेर टाकतो? पुन्हा ऊर्जा खर्चून?"

"हो अण्णा. रोज, कितीतरी वेळा."

एकच खड्डा दरवर्षी बुजवणारे कंत्राटदार मी पाहिले होते. पण तेसुद्धा निदान पावसाळ्याची वाट बघतात.

"यात प्रगती काय?"

"प्रगती काही नाही. माणूस जिवंत राहतो."

"ती जैसे थे परिस्थिती झाली. निष्पत्ती सांगा."

त्या गप्प बसल्या. कार्यालयीन भाषेत याला ‘आक्षेप नाही’ म्हणतात. दुसऱ्याच दिवशी मी पित्ताचा पंप सर्व पेशींत बंद ठेवण्याचा आदेश तयार केला.

अहल्याबाई धावत माझ्या खोलीत आल्या. "स्वल्प थांबा, अण्णा. एका बशीत मी पंप बंद करून दाखवते. डोळ्यांनी बघा आणि मगच सही करा."

डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस मत बदलतो, असं शिकलेल्या लोकांना का वाटतं कोण जाणे. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाईंनी पंप अडवणारं रसायन घातलं होतं. पित्त आतच तुंबलं होतं, पेशी फुगल्या होत्या आणि बऱ्याचशा फुटल्या होत्या.

"बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"बघितलं. आता या किती ऊर्जा खातात?"

"मेल्यात त्या."

"म्हणजे शून्य."

संस्थेच्या इतिहासातली ती पहिली शंभर टक्के बचत होती. मी त्यांचं अभिनंदन केलं, सही केली आणि उरलेल्या बशांनाही तोच लाभ मिळवून दिला. पेशी नाहीत म्हणून चाचण्या थांबल्या. चाचण्या नाहीत तर प्रयोगशाळा कशाला, हा प्रश्न ओघानंच आला आणि तो मीच विचारला.

याच सुमारास आमच्या वरच्या घरात राहणारा मल्हार माझ्याकडे एक डबा घेऊन आला. हा पुण्याचा, इथे संगणकाच्या कंपनीत. "काका, हे डिटॉक्स चूर्ण घ्या. लिव्हर फुल रीसेट होतं. बिचारं दिवसरात्र राबतं, त्याला ब्रेक नको का?"

यकृताला विश्रांती ही कल्पना माझ्या धोरणाशी तंतोतंत जुळत होती. मी ते महिनाभर घेतलं, दुप्पट. आमच्या इमारतीत यकृताचे इतके तज्ज्ञ बसतात, त्यांना एका शब्दानं विचारता आलं असतं. पण कोमट चहापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

मग खाज सुरू झाली. आधी तळहात, मग तळपाय, मग बैठकीत जिथे हात नेता येत नाही तिथे. वासंतीनं मला खिडकीपाशी उभं केलं. "डोळे हळदीसारखे झालेत तुमचे. आधी ते चूर्ण फेका."

डॉक्टरांनी तपासण्या पाहून सांगितलं, "चूर्णानं तुमचा पित्ताचा पंप अडकवलाय. असाच राहिला तर यकृत जाईल. यावर एक नवं औषध येतंय म्हणतात. तुमच्याच संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर."

मी जिन्यानं गेलो, कारण लिफ्ट मीच बंद केली होती. अहल्याबाई खोक्यांत सामान भरत होत्या. मला खरोखर भीती वाटली. मरणाची वाटत होतीच, पण त्याहून जास्त त्या हसतील याची. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"औषध आहे, अण्णा. पण ते अपायकारक नाही ना, हे पेशींवर बघितल्याशिवाय कुणाच्याच पोटात घालता येत नाही. आणि पेशी नाहीत."

"पुन्हा वाढवा."

"सरी, चालेल. आदेश मागे घ्या, आज सुरुवात करते. तुमच्यासारखे पुष्कळ वाट बघतायत."

मी पेन काढलं. पण कोणताही नवा आदेश काढताना त्यानं किती ऊर्जा वाचेल ते नोंदवणं बंधनकारक होतं. हा नियमही माझाच.

"माणसं वाचतील, असं लिहा," बाई म्हणाल्या.

"तसा रकाना नाही."

मी खाजवत खाजवत पेन खिशात ठेवलं. शंभर टक्के बचतीचा सन्मान त्याच आठवड्यात कर्नाटक राज्योत्सवाच्या समारंभात व्हायचा होता, आणि शंभराचे नव्वद झालेले कुणाला आवडतात?

समारंभ झोकात झाला. मी पिवळा, शाल लाल, म्हणजे कन्नड झेंड्याचेच दोन रंग, त्यामुळे मी अंगभर राज्योत्सव साजरा करतोय असं वाटून लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चूर्ण बंद केल्यावर माझा पंप आपोआप स्वल्प स्वल्प चालू लागला आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्यासाठी त्यानं माझी परवानगी घेतलेली नाही. अहल्याबाईंनी आनेकलच्या एका साबणाच्या कारखान्यात नोकरी धरली. तिसऱ्या मजल्यावर आता माझा कक्ष आहे. त्या औषधाची चौकशी करणारे लोक अजून तिथे फोन करतात. तो फोन काढून टाकण्याची कार्यवाही चालू आहे.

माझी योजना आता सर्वत्र लागू होणार असून त्यासाठी मला आपलं सहकार्य हवं आहे. आपल्या कार्यालयात, किंवा घरात, एखादं माणूस असेलच, जे सतत कामात असतं, कालचंच काम आज करतं आणि ज्याला विचारलं तर दाखवण्यासारखं काही नसतं. त्याचं नाव कळवा. फार आठवावं लागणार नाही. हे वाचता वाचता एक नाव आपल्या मनात येऊन गेलेलंच आहे. मलाही अहल्याबाईंचं असंच सुचलं होतं.